मास्क मिळाल्याची सही

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मास्क हा शब्द मुळात कुठून आला? तीन आठवडे शोधतेय आणि मला सांगता येत नाही. शब्दकोशाच्या कामात माझ्या एकटीच्या हाती आलेला हा पहिलाच शब्द. आपल्याकडे इंग्रजीतून आला, तिकडे फ्रेंच-इटालियनमधून, इथवर सुरळीत. त्यामागे एक पंडित म्हणतात, अरबी 'मस्खरा'पासून. म्हणजे आपली मस्करीही त्याच घरची. दुसरे म्हणतात, चेटकिणीच्या जुन्या नावापासून. तिसरे तोंडाला काळं फासण्यावर अडून बसलेत. संपादकांना मात्र ठाम एकच ओळ हवी. 'अनिश्चित' लिहू का विचारलं, तर म्हणाले, मग तुला नोकरीत कायम कशासाठी करायचं?

तू सूतगिरणीत दिवसभर तो बांधतेस. तुमच्यात काय म्हणतात, कळव. खोकला कसा आहे?

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी भाची

९ मार्च

चि. पंडिताबाईस,
अनेक आशीर्वाद.

खोकल्याचं शेवटच्या ओळीत का होईना, विचारलंस. जिना चढताना दोनदा बसते.

आम्ही त्याला फडकं म्हणतो. मास्क म्हणतो तो मुकादम. जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाचा ताका आणलाय, त्यातला वीतभर तुकडा कापून देतो नि वहीत 'मास्क मिळाला' अशी सही घेतो. पाकिटात एक घातलाय, बघ. कापूस पिंजायच्या यंत्रापाशी तासभर उभं राहिलं की फडक्याच्या आतल्या बाजूलाही पांढरा थर. बाकीच्या बायकांनी सह्या केल्या, मी नाही. सोळा तारखेपर्यंत कर, नाहीतर येऊ नकोस, म्हणाला.

घरात एकच पदवीधर, आणि ती मस्करीचं माहेर शोधतेय. आता एवढं कर. याला मास्क म्हणत नाहीत असं तुमच्या पुस्तकात लिही आणि ते पान पाठव. त्याच्या नाकासमोर धरते.

माया आहेच, पण आधी काम कर.
तुझी आत्या

१३ मार्च

ती. आत्यास,
कान पकडून नमस्कार.

पान पाठवत नाही. आधी रागावून घे, मग पुढे वाच. तुझं पत्र घेऊन संपादकांकडे गेले. शब्दाच्या अर्थात 'धूळ अडवणारा' एवढं तरी घालू या म्हणून भांडले. ते म्हणाले, लोक ज्याला मास्क म्हणतात तो मास्क, नाटकातलासुद्धा. तो कुठली धूळ अडवतो? दोन दिवस त्यांच्यावर धुमसले. तिसऱ्या दिवशी स्वतःवर, कारण त्यांचं बरोबर आहे. सोयीचा अर्थ मीही लिहिला, तर मुकादमात नि माझ्यात फरक काय? मूळ 'अनिश्चित' असंच लिहून दिलंय. नोकरीचं ते ठरवतील.

पण तुझा खोकला शब्दाने थांबणार नाही. म्हणून काल रजा टाकून कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत गेले. तिथे मला तीन टेबलं फिरवलं. चौथ्या टेबलावरच्या बाईंनी तुझा तुकडा स्वतःच्या तोंडाशी धरला, फुंकर मारली आणि कोरा अर्ज पुढे सरकवला. अर्जात मी 'मास्क' एकदाही लिहिलं नाही. कापड किती लांब, किती विरळ, तासाभरात आतून किती पांढरं होतं आणि जिन्यावर तू किती वेळा बसतेस, एवढंच लिहिलं. पंधरा तारखेला निरीक्षक गिरणीत तपासणीला येतील. तोवर सही करू नकोस.

तक्रारदार म्हणून तुझं नाव न विचारता कसं घालणार? माझं घातलं आणि खाली सही केली.

तुझी भाची