दारातल्या स्टिकरवरचं माप

भाऊजी,

बाळाला लस द्यायला बसनेच नेते आहे. हे गेल्यापासून गाडी उभीच आहे, पण आता मला चालवावीच लागणार. किल्ली फ्रिजवर ठेवली आहे, तेवढे टायर बदलून आणा.

टायरवाला आत्ताच्या टायरवरचा आकडा वाचून तेच माप गळ्यात मारेल, ते घेऊ नका. ते रुंद टायर ह्यांनी रुबाबासाठी हौसेने बसवले होते. ओल्या रस्त्यावर गाडी सरकते. ह्यांना सांभाळून घेता यायचं, मला जमणार नाही, आणि मागे बाळ असतं. ड्रायव्हरच्या दाराच्या आत स्टिकर आहे, त्यावरचंच माप सांगा. बारमाही चालणारे, चारही सारखे घ्या.

आई विचारतील, त्याने घातलेले का काढलेत. नवेच आहेत, तरी झिजले होते म्हणा. त्या बघायला येणार नाहीत. गाडीकडे जायला त्यांचेही पाय उचलत नाहीत.

– वहिनी