मान हलवली की निघायचं

दि. ९ सप्टेंबर, मंगळवार

चि. सौ. सूनबाईस,

मामंजींचे अनेक आशीर्वाद, तुला आणि माझ्या लेकालाही. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

भिंगरीचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात काढतील. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळतंय, लहान मुलांची हाडं मोठ्यांपेक्षा शहाणी असतात. भूक चांगली आहे. प्लास्टरवर चित्रं काढून काढून जागा संपली, तर मला म्हणते, "आजोबा, तुम्ही पण एक पाय मोडून घ्या ना, मला पांढरी जागा हवीय." शाळेतून अभ्यास येतो. गणित मी घेतो, म्हणजे मी चुकतो आणि ती सुधारते.

रोज फोन होत असताना हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन तिच्या उशाशी असतो. दोनदा मी तो घेऊन गॅलरीत गेलो, तुला काही सांगायचं होतं म्हणून. एकदा हवेबद्दल बोललो आणि एकदा गॅस सिलिंडरबद्दल. उभी हयात बस चालवली, पण जिभेचा ब्रेक असा ऐनवेळी लागतो हे या वयात कळलं.

तुम्ही दोघं नोकरीसाठी तिकडे निघालात, वार्षिक परीक्षेपर्यंत भिंगरीला इथंच ठेवायचं ठरलं, तेव्हा तू शाळेची व्हॅन लावायचं म्हणत होतीस. मीच उडवून लावलं. शाळा हाकेच्या अंतरावर, तिथं गाडी कशाला, पोरांनी पायांनी जावं, मी आहे ना! तू म्हणालीस, "मामंजी, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे." ते वाक्य मी बरेच दिवस मिरवलं.

मग खालच्या शिंपिणीची दोन पोरं आली, समोरच्या वायरमनची मुलगी आली, आणि आमची ओळच झाली. पोरं तिला 'आजोबांची बस' म्हणायची. पुढे मी आणि माझ्या हातात भिंगरी. सगळ्यांत मागचा तो कंडक्टर. सगळे आले की तो "टिंग टिंग" ओरडायचा, त्याशिवाय बस हलायची नाही. तुझी लेक, जी घरातल्या घरातसुद्धा चालत नाही, पळतेच, ती त्या ओळीत शिपायासारखी चालायची. मला काय वाटायचं म्हणून सांगू!

मोठा रस्ता ओलांडायचा माझा एक नियम होता. घाई करायची नाही, गाडी थांबली तरी लगेच निघायचं नाही. ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं. त्यानं मान हलवली की निघायचं. हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. पोरं रस्त्यात दिसली की मी बस थांबवून अशीच मान हलवायचो. पण त्याआधी मी आरशात बघायचो, आणि मागचा कुणी बाजूनं घुसू नये म्हणून हात खिडकीबाहेर आडवा धरायचो. मान सगळ्यांत शेवटी हलायची. पोरांना मी फक्त मान शिकवली. सगळे ड्रायव्हर माझ्यासारखेच, असं धरून चाललो.

त्या दिवशी एक मोटार थांबली. चालवणारा भला माणूस होता, त्यानं हसून मान हलवली. मला बरं वाटलं. मी भिंगरीचा हात सोडला आणि ड्रायव्हरनं ड्रायव्हरला करावा तसा त्याला सलाम केला. दुसऱ्या हातानं तिला पुढे केलं, "चल." मोटारीच्या आडून मोटरसायकल आली.

सूनबाई, ती पळाली नाही. मी शिकवल्याप्रमाणे, नीट, पावलं मोजत चालली होती. 'हात सोडून पळाली' हे तुला मी सांगितलं, ते खोटं आहे.

ते मी रचलंही नव्हतं, हे आणखी लाजिरवाणं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? शिंपीण धावत आली होती, ती रडत म्हणाली, "भिंगरीच ती, सुटली असेल!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, सुटली." एवढंच. मग तुला फोन लावला तेव्हा तेच आयतं तोंडात होतं.

दुसऱ्या दिवशी तू तिला फोनवर रागावलीस. तुझी काय चूक? "कितीदा सांगितलं होतं आजोबांचा हात सोडायचा नाही," हे मला इकडे ऐकू येत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होतो, ते आधीच घट्ट होतं. ती म्हणाली, "चुकलं आई, परत नाही पळणार." मी बाटली उचलून फळीवर ठेवली. जनाची नाही तर मनाची तरी लाज म्हणतात. मी जनाची लाज सांभाळली आणि मनाची विकून खाल्ली.

कदाचित अजूनही गप्पच बसलो असतो. पण काल सकाळी गॅलरीतून पाहिलं, शिंपिणीची पोरं दोघंच शाळेला निघालेली. कोपऱ्यावर थांबली. टेम्पो थांबला. धाकट्यानं ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहिलं, त्यानं मान हलवली, आणि पोरं निघाली. मी इतका जोरात ओरडलो की अख्खी गल्ली बाहेर आली. मागून काही आलं नाही, त्यांचं नशीब. मी चप्पल न घालता खाली पळालो. थांबलेल्या गाडीच्या कडेशी पुन्हा थांबायचं, डोकावून पलीकडे बघायचं, ड्रायव्हर काही का म्हणेना, हे त्यांना तिथंच शिकवलं. शिंपीण विचारायला लागली, काका, आज अचानक हे काय? मग तिला सगळं सांगितलं. ती पोरांना हाताला धरून स्वतः शाळेत सोडायला गेली. तुझ्याआधी तिला कळलं, त्याचीही माफी मागतो.

वर आलो तर भिंगरी उठून बसलेली. म्हटलं, "बाळा, तू का गं म्हणालीस पळाले म्हणून?" तिनं प्लास्टरवरच्या एका चित्रावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुम्ही आईला सांगितलं होतं ना, मग मी वेगळं कसं सांगू?" मी म्हणालो, आता मी आईला खरं लिहिणार आहे. तशी रडायलाच लागली. "नका ना सांगू आजोबा. मी पळाले असेन तर आई मला फक्त रागावेल. तुमची चूक असली तर ती मला इथून घेऊन जाईल. मग तुम्ही जेवायला कुणाबरोबर बसणार?"

पाय मोडलेली ती, बोलणी खाणारी ती, आणि काळजी माझ्या जेवणाची. मी तिच्यासमोर रडलो. तिनं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "असू दे, आजोबा." मला ते 'असू दे' सहन होत नाही. ते म्हणायचं तिचं वय नाही.

पत्र मिळालं की आधी तिला फोन कर. ती पुन्हा म्हणेल मीच पळाले, तिचं ऐकू नकोस. मी फोन तिच्या हातात देऊन खाली जाऊन बसेन. तिला न्यायचं की ठेवायचं, हे तू ठरव, मी एका शब्दानं अडवणार नाही. ठेव असं मागायचं तोंड मला उरलेलं नाही, तरी मनात तेच येतं, हेही लपवत नाही. पण न्यायची असेल तर ती पळाली म्हणून नेऊ नकोस. मी सोडली म्हणून ने.

तुझ्या विश्वासाला न जागलेला,
मामंजी