गुडघ्याची साक्ष

चिखली, १० नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शांतवनचा सप्रेम सलाम वि. वि.

छत्तीस वर्षं पोस्टमनकी केलेल्या माणसाने फोनवर खुशाली कळवणं मला पटत नाही, म्हणून हे पत्र. हिमानीची जवळच्या उंद्री गावातली शाळेची नोकरी ठीक चालू आहे. लेकीकडे राहायला येऊन मला वर्ष झालं.

सुरुवातीला इथल्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसायचो आणि आशीर्वचन संपायच्या आत चपला घालून पसार व्हायचो. ओळखीचं कोणीच नव्हतं. मग जूनमध्ये गुडघा सुजला आणि हिमानीने माझं नाव प्रार्थनेच्या यादीत घातलं. तेव्हापासून दर रविवारी पाळकसाहेब माझा गुडघा मोठ्याने वाचतात आणि चाळीस माणसं डोळे मिटतात. सिंधूताई एरंडाची पानं आणतात, पुंजाजी तेल आणतात, गुरुवारी भाकरी-ठेच्याचा डबा येतो. भाजीवाला शकूरसुद्धा विचारतो, की चाचा, गुडघ्याले आता कसं वाटून राह्यलं.

अडचण अशी, की गुडघा दसऱ्यालाच बरा झाला. इथली रीत म्हणजे, बरं झालेल्याने उभं राहून साक्ष द्यायची, तेव्हाच नाव यादीतून निघतं. मी अजून उभा राहिलेलो नाही. खरं सांगतो अक्का, भीती वाटते. गुडघा यादीतून गेला तर मला कोण विचारणार? तोवर आठवणीने लंगडतो. गेल्या रविवारी पाय बदलला गेला, पण कोणी पाहिलं नसावं.

लोभ असू दे, दोन्ही पायांवर.
तुझा, शांतवन


पुणे, १६ नोव्हेंबर

चि. शांतवन यास अ. आ.

प्रभूच्या घरात लंगडतोस, तेही चुकीच्या पायाने! लहानपणी शाळा बुडवायला तुझं पोट दुखायचं, तेव्हा निदान पोट एकच होतं.

आमच्या चर्चमध्ये असले प्रकार नाहीत. आठशे माणसं, पडद्यावर गीतं, तासाभरात उपासना आटोपते. कोणी कोणाच्या गुडघ्यात नाक खुपसत नाही. येत्या रविवारी उभा राहा, नाहीतर तुझ्या पाळकसाहेबांना मीच पत्र टाकते.

रागावले असले तरी माया तेवढीच आहे.
अक्का


चिखली, २८ नोव्हेंबर

ती. अक्कास सप्रेम सलाम वि. वि.

रविवारी उभा राहिलो. उठताना सवयीने बाकाचा आधार घेतला, मग तोही सोडला. दसऱ्यापासून खोटं लंगडतोय हे सांगून टाकलं, माफी मागितली.

सगळं चर्च हसायला लागलं. घंटेची दोरी बांधायला मी शिडीवर चढलो होतो, तेव्हाच त्यांना कळलं होतं! पाळकसाहेब त्याच वेळी नाव खोडायला निघाले होते, पण सिंधूताईंनी खोडू दिलं नाही. त्यांचं म्हणणं, की नाव काढलं तं शांतवनभाऊ पुन्हा मागच्या बाकावरून पळून जातीन. अक्का, मी तिथेच रडलो.

मग पाळकसाहेबांनी माझं नाव खोडलं आणि यादीच माझ्या हातात दिली. घरोघर फिरायची सवय तुम्हालाच आहे, आता चौकशी तुम्हीच करा, असं म्हणाले. पहिलं नाव पुंजाजींची कंबर. त्यांचंच तेल त्यांना नेऊन दिलं.

आज गुरुवार. डबा आला.

तुझा लोभ आता न लंगडता घेईन.
शांतवन


पुणे, ४ डिसेंबर

चि. शांतवन यास अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. ती यादी तुझ्याचकडे आहे ना? मग तिच्यात माझं नाव घाल.

घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही. ऑक्टोबरमध्ये ताप होता, तीन रविवार चर्चला गेले नाही. आठशे माणसांत एकालाही कळलं नाही. तुलाही कळवलं नाही, तू लंगडत धावत आला असतास.

अक्काला काय झालंय असं कोणी विचारलं, तर गुडघा सांग. साक्ष द्यायला नाताळात मी स्वतः येते. तोवर सिंधूताईंना सांग, नाव खोडू देऊ नका.

लोभ आहेच. या वेळी तो मोठ्याने वाच.
अक्का