आगटीत भाजलेली काडतुसं

३० डिसेंबर १९७३, सकाळ
रानडुकराने पुंजारामची मांडी फाडली. पुंजाराम आमचा सालगडी. ओढ्याकाठच्या शाळवातून डुक्कर हाकलायला गेला होता. सुळा गुडघ्यात घुसला तो पार वर निघाला. बैलगाडीत टाकून टेंभुर्णीच्या डॉक्टरकडे पाठवला. जाताना ओरडत होता, मालक, बंदूक काढा आता!
मी मुळात शांत माणूस आहे. पण त्या डुकराची खांडोळी करणार. मुंडकं वेशीत टांगणार.

संध्याकाळ
माझी बायको गिरिजा फार तापली. तिचं म्हणणं, दुष्काळात सालभर रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन राह्यलो, आता कुठं घरच्या शाळवाची पांढरी भाकर दिसायलीय, तर ती बी डुकराच्या नरड्यात घालता का? तुमच्यानं न्हाई व्हायचं. बंदूक भुजंगभावजींला द्या.
भुजंग माझा चुलतभाऊ. एकदा एक डुक्कर काय मारलं, गावजेवणात दर पंगतीला सांगतो. वडिलांची बंदूक त्याच्या हातात? आधी माझा उजवा हात तोडा.

१ जानेवारी १९७४
नवीन वर्षाचे संकल्प : १. राग आवरणे. २. डुक्कर मारणे. ३. भुजंगचं तोंड कायमचं बंद करणे.
अडचण एकच. पितळी काडतुसं वडिलांच्या वेळची. पुन्हा पुन्हा भरून तोंडाशी चिरली आहेत. पितळ कडक झालंय. जालन्याला रद्दीत एक इंग्रजी मासिक मिळालं होतं, त्यात यावर अख्खा लेख आहे. याला अ‍ॅनीलिंग म्हणतात. काडतूस पाण्यात उभं करायचं, फक्त वरचं तोंड तापवायचं, म्हणजे तोंड मऊ होतं आणि बूड कडक राहतं. बूड मऊ होऊ देऊ नका असं दोनदा छापलंय.
साहेब लोक भित्रे. नुसतं तोंड मऊ करून एवढा फायदा, तर सबंध काडतूस मऊ केल्यावर किती होईल? शिवाय मागच्या उन्हाळ्यात ज्या घरात प्यायला पाणी नव्हतं, तिथे काडतुसाला कुठून आणायचं?

४ जानेवारी
चुलीवर प्रयोग. चिमट्यातून काडतूस सुटलं आणि थेट वरणात. गिरिजाने हातातली फुंकणी फेकून मारली. पाठीत बसली. फुंकणी मोडली. पाठीचं कोणी विचारलं नाही, फुंकणी मात्र माझ्या नावावर. तेव्हापासून ती तोंडाने फुंकते आणि खोकते, आणि प्रत्येक खोकल्यानंतर माझ्याकडे बघते.
नवी फुंकणी आणणार. डुक्कर मारून झाल्यावर.

१३ जानेवारी, रविवार
जागा सापडली! हुरड्याची आगटी. गोवऱ्यांचा निखारा, एकसारखी धग, भोवती मंडळी बसलेली, कोणाला संशय नाही. कणसांच्या खाली काडतुसं पुरून ठेवली. भुजंगही आला होता, डुकराची गोष्ट सांगत होता.
गोष्टीत डुक्कर उडी मारतं तिथेच आगटी उडाली. एक काडतूस भरलेलं राहून गेलं होतं. मी सगळी तपासली होती, म्हणजे बहुतेक. निखारे, राख, हुरडा सगळं आभाळात गेलं. भुजंगची डावी मिशी जळाली. गुळाच्या ढेपेत छर्रे घुसले. देवाची कृपा, माणूस मेलं नाही.
भुजंग म्हणाला, अरे हरामखोरा, जीवच घेतो का बे? आणि माझ्या अंगावर आला. काट्याच्या कुंपणात घालून तुडवलं. मीही सोडलं नाही. त्याच्या मुठीवर दात असा हाणला की दातच तुटला.
बाकीची काडतुसं मात्र छान निघाली. अंगठ्याने दाबली तरी दबतात. बूडसुद्धा. साहेबाला दाखवायला पाहिजेत.

२७ जानेवारी
डुक्कर रोज येतं. निम्मा शाळू आडवा. आज गिरिजा बांधावर बसून रडली. कणसं पदरात गोळा करत होती आणि रडत होती. मला बघून उठली, मारणार असं वाटलं, पण पदर सावरून पुन्हा कणसं वेचायला लागली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं.
आता दया नाही. काडतुसं भरली. डुक्कर मोठं आहे म्हणून दारू सढळ हाताने.

३ फेब्रुवारी, दुपार
आज दिवेलागणीला निकाल. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसणार. पुंजाराम लंगडत का होईना खाली काठी घेऊन उभा राहतो म्हणाला. भुजंगला मुद्दाम निरोप धाडलाय. या आणि बघा.
उद्या इथे डुकराचं वजन लिहीन.

२० फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर घाण.
चाप ओढला. काडतूस पुढून फुटायचं ते मागून फुटलं. नळी तुटून कुठे गेली माहीत नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तीही कुठे गेली माहीत नाही. मी माळ्यावरून पडलो तो पुंजारामवर. त्याचा चांगला पाय मोडला. डुक्कर आम्हा दोघांना तुडवून गेलं.
भुजंगने मला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत पळत नेलं. सगळा रस्ता रडत होता म्हणे, आमचा अण्णा मेला, आमचा अण्णा मेला. अर्धी मिशी अजून उगवलेली नाही.
फौजदाराने पंचनामा करून बंदुकीचा उरलेला लाकडी दस्ता नेला. परवाना रद्द.

३ मार्च
शाळू निघाला. अर्धाच, पण निघाला. उरलेली काडतुसं गिरिजाने रिकामी करून, तारेत ओवून बांधावर टांगली होती. वारा आला की एकमेकांवर आपटतात. त्या दिवसापासून डुक्कर फिरकलं नाही. माझ्या बाराच्या आवाजाला भ्यालंय असं माझं मत आहे. गिरिजाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.
काढणीत तिला बंदुकीची नळी सापडली, पुढची, धड राहिलेली. लोहाराकडून कापून आणली. फुंकणी केली. वडिलांची बंदूक! दुसरं कोणी असतं तर मुडदा पाडला असता.
आज घरच्या पिठाची पहिली भाकरी झाली. मी डाव्या हाताने तोडायला लागलो तर म्हणाली, डाव्या हातानं जेवत न्हाईत, थांबा. शेजारी बसली आणि एकेक घास भरवला. मी पोरासारखं तोंड उघडत गेलो. भाकरी पांढरी होती.
डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं असं लिहिणार होतो. पण त्या नळीने चूल फार झकास पेटते, घरात धूर अजिबात नव्हता.