टॉवेलचा अर्थ

आबा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आज भर वर्गात मला तुमची माफी मागावीशी वाटली. हिंजवडीच्या कंपनीत नव्यानं लागलेल्या पोरापोरींना मी आता इंग्रजी शिकवते. हो, मीच! आज खेळांवरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार होते. मी फळ्यावर लिहिलं, 'थ्रो इन द टॉवेल'. बॉक्सिंगमध्ये आपला गडी फारच मार खायला लागला की त्याच्या बाजूचा माणूस टॉवेल फेकतो, म्हणजे हरलो, बास करा आता. तर लातूरकडची एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, आमच्याकडं टॉवेल मान म्हणून देतात की." वर्ग हसला. मला मात्र हसता येईना. घसा बसल्याचं निमित्त करून बाहेर गेले आणि पाण्याचा ग्लास हातात धरून नुसती उभी राहिले. आता कॅब घोटावड्याच्या रस्त्याला ट्रॅफिकमध्ये रुतलीय, म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहितेय.

पहिली नोकरी लागली तेव्हा माझं मीटिंगमध्ये तोंड उघडत नव्हतं, आठवतं? सगळे बॉल काय, कोर्ट काय, बेल काय बोलायचे, आणि मी आयुष्यात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही. घरी आले की शेरडांच्या वाड्यापाशी बसून मोठ्यानं पाठ करायचे. तुम्ही पाला टाकताय. मी म्हणतेय, 'द बॉल इज इन युवर कोर्ट'. तुम्ही हातातला पाला खाली ठेवता. "चेंडूवरनं कोर्टात गेली व्हय मान्सं? पौडाच्या कोर्टात कागुद गेला तर नातवाच्या लग्नापत्तुर यायचा न्हाई, आन् ह्यांचा चेंडू कवा यायचा!" मी हसून हसून बेजार. मग अर्थ सांगितला, की आता पुढचं तू कर, तुझी पाळी. "मंग सरळ म्हन की, राज्य तुज्यावर!" इतकं नेमकं मला आजही वर्गात सांगता येत नाही. एकदा बोकड करवंदीच्या जाळीत अडकलं आणि गळ्यातल्या घंटीनं सापडलं, तर तुम्ही लांबूनच ओरडत आलात, "शेव्ड बाय द बेल!" खरं ते 'सेव्ड बाय द बेल', म्हणजे ऐन वेळी फेरी संपल्याची घंटा होऊन मार खाणारा वाचतो ते; अर्थ साफ चुकला होता, पण दुरुस्त करायचं माझ्या जिवावर आलं. किती खूश होतात तुम्ही.

मग तो रविवार. माझे मॅनेजर आणि टीममधले चौघं आपल्याकडं जेवायला आले. तुम्ही सकाळपासून अंगण झाडलंत, धुतलेलं धोतर नेसलात, पिरंगुटाहून टॉवेल, टोपी, नारळ आणून ठेवलात. जेवणं झाली. तुम्ही मॅनेजरसाहेबांना टोपी घातलीत, हातात नारळ दिलात, खांद्यावर टॉवेल टाकलात आणि ताठ उभं राहून म्हणालात, "सर, आय थ्रो इन द टॉवेल!" क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग जे हसू फुटलं! एक जण म्हणाला, "अंकल ने तो मैच ही छोड़ दी!" साहेब भले माणूस, ते हसले नाहीत, त्यांनी वाकून तुम्हाला नमस्कार केला. तेवढ्यावर निभावलं असतं. पण माझे कान तापले होते. सगळ्यांसमोर मी तुमच्यावर खेकसले, "आबा, कळत नाही ते बोलता कशाला? कुणी शिकवलं तुम्हाला हे?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "न्हाई, माजंच चुकलं. आडानी मानूस मी." आणि रणरणत्या उन्हात शेरडं सोडून माळाकडं निघून गेलात. पाहुणे तुमचा निरोप न घेताच गेले.

त्यानंतर तुम्ही मला एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाहीत. मी वही घेऊन वाड्यापाशी बसले की तुम्हाला दुसरीकडं काहीतरी काम निघायचं. "जेवलीस का? गाडी मिळाली का?" एवढंच बोलणं उरलं. मीपण पुढं आतल्या खोलीत बसून पाठ करायला लागले. दोन वर्षं मी रोज म्हणत होते, आज बोलू, उद्या बोलू. लिफ्टमध्ये कुणाचा नुसता धक्का लागला तरी मी सॉरी म्हणते, आबा. तुम्हाला म्हणायला जीभ उचलली नाही. मग तुम्हाला ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. लाज वाटते मला. तुमची नाही, तेव्हाही खरं तर तुमची वाटली नव्हती. माझं इंग्रजी कच्चं आहे हे तुमच्या तोंडून सगळ्यांना कळेल, याची भीती वाटली होती.

हे पान मी कुणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. तिला एवढंच माहीत आहे की तुम्ही काहीतरी चुकीचं बोललात आणि मी चिडले. पण त्या दिवशी पाहुणे यायच्या आधी मी एका हातानं केस विंचरत होते, दुसऱ्या हातात फोन होता, आणि तुम्ही दारात येऊन विचारलंत, "पोरी, तुज्या वहीत ते टॉवेलचं हाय न्हवं, ते पाव्हन्याला टॉवेल देताना म्हनत्यात व्हय?" आणि मी तुमच्याकडं न बघता म्हटलं, "हो हो आबा, तेच." सगळ्यांसमोर मी विचारलं कुणी शिकवलं, तेव्हा तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. घाईत तुमचं बोलणं मी नीट ऐकलंच नव्हतं, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. ऐकलं होतं, आबा. अर्थ मलाच ठाऊक नव्हता.