कागलच्या वाटेवरची खोटी धावपट्टी

मी, बाबासो तुकाराम कुरणे, वय एकाहत्तर, भूमापन कार्यालयातील निवृत्त आरेखक, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे लिहून ठेवतो. किडन्या गेल्या आहेत, डोके गेलेले नाही. डॉ. वर्षाराणी चौगले यांनी तसे तपासून पाहिले आहे व त्या समोरच बसल्या आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. दोन वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यातले बाकी सगळे तसेच आहे, एकच कलम बदलायचे आहे. पण वकील म्हणतात एका कलमासाठीही सगळे पुन्हा लिहावे लागते, म्हणून लिहितो.

१. राहते घर, परसासह, माझी एकुलती मुलगी रूपाली हिला. बँकेत जे असेल तेही तिलाच. भाऊबंदांपैकी कोणी हक्क सांगायला आल्यास त्यांना चहा द्यावा आणि हा कागद दाखवावा.

२. माझी शाईची पेने, पट्ट्या, गुण्या आणि उताराचे टेबल ज्या कोणाला हाताने नकाशा काढायचा असेल त्याला. असा माणूस आता मिळणार नाही हे मला माहीत आहे. तरी भंगारात घालू नये.

३. संगणक, त्याचा मोठा पडदा आणि विमान चालवायचा दांडा रूपालीला. संगणकात विमान उडवायचा खेळ आहे, आणि त्या खेळात मी बसवलेले कोल्हापूर आहे. या कलमाबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण शेजारी याला म्हातारचळ म्हणतात.

मूळ खेळात कोल्हापूर म्हणजे तपकिरी माळ होता. उजळाईवाडीची धावपट्टी तेवढी होती, पण भोवती ना पंचगंगा, ना रंकाळा. कुठल्या तरी परदेशातली झाडे आमच्या उसाच्या रानात उभी केलेली. मला ते बघवेना. मी जमिनीचे नकाशे बसवले, नदी आखली, पाण्याच्या टाक्यांवर चढून छपरांचे फोटो काढले आणि ते फोटो पडद्यावरच्या घरांना चिकटवले. बावड्याच्या कारखान्याची चिमणी, कळंब्याचा तलाव, सगळे मापात आहे. कळंब्याच्या तुरुंगाचा फोटो काढू देत नाहीत, म्हणून त्याची भिंत अंदाजाने रंगवली आहे. ती तेवढी कच्ची समजावी.

हे सुरू केले शौक म्हणून. पुढे ते माझी पत्नी सोनूबाई हिच्यासाठी झाले.

सोनूबाईचे माहेर कागलच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. रस्ता चौपदरी होताना ते घर रस्त्यात गेले. तिचा धाकटा भाऊ पिराजी भाऊ शिंगे येऊन तिची कागदावर सही घेऊन गेला. विजेचे कनेक्शन नावावर करायचे आहे, असे त्याने सांगितले. ती सही कशाची होती हे तिला पुढे यष्टीच्या खिडकीतून कळले. माहेरच्या थांब्यावर उतरायचे म्हणून ती उठून उभी राहिली, तर थांबा नाही, शेवगा नाही, घर नाही. घरी येऊन ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "आपल्या घरावरनं यष्टी गेली."

त्यानंतर वर्षभरातच तिची उजवी बाजू गेली. बाहेर जाणे संपले. एक दिवस मी पडद्यावर छपरे बसवत असताना ती खाटेवरून म्हणाली, "तुमी जलमभर लोकांची घरं काडलासा. आता माझं एक काडा की."

फोटो एकही नव्हता. तिने सांगितले तसे काढले. शेवगा कुठे हे तिला सांगता येईना, पण सांजेला त्याची सावली विहिरीच्या काठावर पडायची हे पक्के आठवत होते. त्यावरून मी झाड बसवले. पत्र्याचा तुकडा कुठल्या कोपऱ्यात, कौले कुठे काळी, कडब्याची गंजी कुठे, हे तिने पुन्हा पुन्हा बदलायला लावले. सरकारी नोकरीत साहेबाने एवढ्या दुरुस्त्या काढल्या असत्या तर मी राजीनामा दिला असता. तिच्यापुढे मान हलवून पुसत होतो आणि काढत होतो.

मग रोज आम्ही उजळाईवाडीहून निघून तिच्या घरावरून फिरून यायचो. काही दिवसांनी तिला नुसते फिरणे पुरेना. "खाली उतरा की," म्हणाली. उतरायला जागा नव्हती. उतरलो की विमान मोडायचे आणि पडदा काळा व्हायचा. तेव्हा घरापुढच्या रानात मी एक धावपट्टी आखली. उभ्या नोकरीत मी कागदावर खोटी रेघ मारली नाही. ही एकच मारली आहे, आणि ती पुसायची नाही.

४. पुण्याचे एक गृहस्थ अशीच दृश्ये बनवून इंटरनेटवर ठेवतात. त्यांनी माझे कोल्हापूर मागितले, कौतुकही पुष्कळ केले, आणि पुढे लिहिले की ती धावपट्टी व ते घर काढून तिथे चौपदरी रस्ता टाकावा, म्हणजे काम वास्तवाला धरून होईल. त्यांना यातले काहीही देऊ नये. ते घर तिथे होते, हे वास्तव त्यांना कोण सांगणार?

५. आता बदललेले कलम.

विमान थांबले की सोनूबाई लगेच परत फिरू द्यायची नाही. "जरा थांबा, पिऱ्या बाहीर येईल," म्हणायची. खेळात माणसेही उभी करता येतात. दारात त्याला उभा करा, असे तिने मला कितीदा म्हटले. मी घर काढले, झाड काढले, विहीर काढली, पण त्या माणसाला काढणार नाही म्हणून सांगितले. तिने शेवटपर्यंत त्याची वाट पाहिली आणि २००६ च्या उन्हाळ्यात ती गेली. अंत्यविधीला तो आला होता, फाटकाशी उभा राहिला. मी आत ये म्हटले नाही. त्याच महिन्यात मृत्युपत्र केले, आणि त्यात लिहिले की माझ्यामागे ते घर पुसून टाकावे, पिराजीच्या नजरेला पडू नये.

गेल्या महिन्यात मी आजारी असल्याचे ऐकून तो आला. पिशवीत शेवग्याच्या शेंगा होत्या. घर पडायच्या आदल्या दिवशी त्याने त्या झाडाची फांदी तोडून नेली होती आणि नव्या घरापुढे लावली होती. त्या शेंगा तिथल्या. रूपालीने आमटी केली. मी खाल्ली. चांगली होती, एवढे नोंदवतो.

रूपालीने मला न विचारता त्याला पडद्यासमोर बसवले आणि माहेरी नेऊन उतरवले. तो बराच वेळ बघत राहिला. कौले, गंजी, विहीर, सगळे बोटाने दाखवून झाले. मग मला विचारले, "दाजी, ह्यात मी कुठं हाय?"

"तू न्हाईस," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "व्हय. नव्हतोच की."

तो रडला असता तर मी त्याला हाकलले असते. तो भांडला असता तर आणखी बरे झाले असते. तो नुसता त्या दाराकडे बघत बसला. सोनूबाई बसायची त्याच खुर्चीत, तशाच तऱ्हेने. मला फार वाईट वाटले. त्याच्यासाठी वाटले की तिच्यासाठी, हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवायला आता वेळही नाही.

म्हणून लिहितो की पिराजी भाऊ शिंगे यास माझ्या इस्टेटीतले काहीही देऊ नये. त्याने सही कशी घेतली हे मी विसरलेलो नाही. घर व धावपट्टी जशी आहेत तशी ठेवावीत. मात्र रूपालीने पिराजीला त्या घराच्या दारात उभा करावा. पांढरा सदरा, डोक्याला काही नको, तोंड धावपट्टीकडे. हात हलवणारा बाहुला करू नये, नुसता उभा असू दे. विमान थांबले की तो दिसला पाहिजे.

६. माझ्यामागे त्रिशरण-पंचशील म्हणावे, बाकी कसलाही विधी नको. जेवणावळ तर नकोच.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष न केलेली बरी, असे वकील सांगतात. पिराजीला काही मिळत नाही, तेव्हा त्यानेच साक्षीला बसावे असे मी म्हटले. तो आला आहे. सगळे मोठ्याने वाचून दाखवले, आणि दोघा साक्षीदारांसमोर मी सही करत आहे.

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक: १९ ऑक्टोबर २००८

(सही) बाबासो तुकाराम कुरणे

साक्षीदार

१. (सही) डॉ. वर्षाराणी चौगले. लिहून देणार शुद्धीवर आहेत, मी स्वतः तपासले आहे.

२. (सही) पिराजी भाऊ शिंगे, मयत सोनूबाईचा भाऊ. समदं ऐकलं. दारात उभा ऱ्हातो.