वाटी रिकामी होईपर्यंत

मी, उमा शरच्चंद्र आठल्ये, वय अडुसष्ट, राहणार मलकापूर, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, तो डोक्यापुरता आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझा मुलगा पुष्कर शेजारच्या खोलीत बसला आहे, पण मी काय लिहिते आहे ते त्याने विचारलेले नाही आणि मी सांगितलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे पती शरच्चंद्र १९९१ साली वारले. त्यांनी आपले सर्व काही माझ्या नावे केले होते. म्हणून पुढील व्यवस्था करण्याचा अधिकार मला आहे.

१. मलकापूरचे राहते घर आणि कृष्णाकाठचा मळा पुष्करला द्यावा. मागची खोली मात्र माझी मुलगी स्वानंदी हिच्या माहेरपणासाठी कायम राखावी. खोलीची किल्ली साताऱ्यात तिच्याकडेच राहील. तिने येण्याआधी विचारायचे नाही.

२. बँकेतील ठेव आणि माझ्या पाटल्या स्वानंदीला द्याव्यात. सांगलीला बी.ए. करताना घेतलेली पुस्तकेही तिचीच. त्यांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले वाचून तिने हसू नये. मी तेव्हा वीस वर्षांची होते.

३. तांब्याचे घंगाळ माझ्या नणंदबाईंनी माझ्या लग्नानंतर लगेच 'दोन दिवसांसाठी' नेले. ती मुदत मी त्यांच्या हयातीपर्यंत वाढवून देत आहे.

४. हायवेलगतचा कारखाना, लेथ आणि इतर यंत्रे पुष्करला. हाताने फिरवायचे लहान ड्रिल तेवढे त्यातून वगळावे. ते जत येथील भाऊसो बंडगर यांना द्यावे. कारण पुढे येईल.

५. आता ह्यांनी पाण्याच्या इंजिनासाठी केलेल्या जोडणीविषयी.

रॉकेलवर चालणाऱ्या पाण्याच्या इंजिनाला दोन टाक्या असतात, लहान पेट्रोलची आणि मोठी रॉकेलची. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणून थोडा वेळ चालू ठेवायचे, म्हणजे आत उरलेले रॉकेल जळून जाते. हे राहिले, तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिन उठत नाही. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो.

ह्यांनी केलेल्या जोडणीत हे राहूच शकत नाही. बंद करायची दांडी ओढली की कॉक आपोआप पेट्रोलवर जातो आणि एका वाटीतले पाणी बारीक भोकातून गळू लागते. वाटी रिकामी झाली की हलकी होऊन वर उचलली जाते, आणि मगच इंजिन बंद पडते. माणसाला घाई असली तरी वाटीला नसते.

या जोडणीच्या पेटंटचा अर्ज गेल्या वर्षी पुष्करने तयार केला. तो माझ्या नावाने गेला आहे, शोध लावणारे म्हणून त्यात ह्यांचे एकट्याचे नाव आहे. त्याच सुमारास त्याने भाऊसोंना वकिलाची नोटीस धाडली की, ही जोडणी बनवणे थांबवा. भाऊसोंनी आमच्या कारखान्यात ह्यांच्या शेजारी उभे राहून उमेदीची सारी वर्षे काम केले. हे गेल्यावर ते आपल्या गावी परतले. जतकडे विहिरींवर अजून इंजिनेच आहेत, आणि भाऊसोंचे दुकान या एका वस्तूवर उभे आहे. ती थांबली तर दुकान बंद होईल.

नोटीस खिशात घालून ते एसटीने आले. पुष्कर समोरच होता.

"वैनी, वाटी बंद कर म्हणत्यात," भाऊसो म्हणाले. "करतो की. पर पाय कुनाचं हुतं, त्ये इचारा ह्यास्नी."

"भाऊसोकाका, कायद्यात पाय नसतात," पुष्कर म्हणाला.

"मग चालतोय कसा रं तुजा कायदा?"

मी हसले. पुष्कर हसला नाही. भाऊसो चहा न घेता गेले. या घरात ते पहिल्यांदाच चहा न घेता गेले.

पेटंट कचेरीने अर्जाचे एक पान परत पाठवले आहे. या प्रकारचे पूर्वीचे शोध कोणते, ते त्यात लिहायचे आहे. पुष्करने तेथे 'नाहीत' असे लिहून पान माझ्यापुढे सहीसाठी ठेवले आहे. मी सही केलेली नाही. पूर्वीचे शोध आहेत. ते असे.

पहिला शोध. आमचे लग्न झाले तेव्हा कृष्णाकाठच्या मळ्यात रॉकेलचे इंजिन होते. संध्याकाळी मी चहाची किटली घेऊन जात असे. मी खोपीच्या दारात दिसले की हे तडक इंजिन बंद करत, रॉकेलवरच. सकाळी दोरी ओढत बसत. असे रोज चालले. मी म्हटले, "मला बघून बंद करता ना? मग मी लांबूनच दिसते." त्यानंतर मी बांधावरच्या बाभळीपाशी थांबून किटली उंच धरू लागले. ती दिसली की हे कॉक पेट्रोलवर फिरवत. बाभळीपासून खोपीपर्यंत मी चालत येई, तेवढ्यात आतले रॉकेल संपे. मग इंजिन थांबे आणि आम्ही चहा घेत असू. इंजिन थांबल्यावर नदीचा आवाज ऐकू येई.

दुसरा शोध. स्वानंदीच्या जन्मानंतर माझे मळ्यात जाणे थांबले. हे पुन्हा विसरू लागले, पुन्हा खांदा धरून घरी येऊ लागले. तेव्हा ह्यांनी वाटी बसवली. भोक किती ठेवायचे ते कळेना. ह्यांनी भाऊसोंना बाभळीपासून चालायला लावले आणि स्वतः वाटीकडे बघत बसले. भाऊसो येऊन पोचले तरी वाटी अर्धी भरलेली.

"ती कधी अशी धावत येते का रे?" हे ओरडले.

"आवं, मला न्हाई येत वैनीवानी चालाय! लय हळू हाय त्ये."

शेवटी ह्यांनी त्यांच्या हातात काठोकाठ भरलेली किटली दिली आणि एक थेंब सांडला तर चहा मिळणार नाही असे बजावले. मग भाऊसो बरोबर माझ्यासारखे चालले. त्या चालण्याच्या मापाने भोक पाडले गेले, याच हातड्रिलने. हे सगळे मला त्या संध्याकाळी दोघांनी मिळून, एकमेकांना थांबवत, सांगितले.

साताऱ्याच्या कृषी प्रदर्शनात या जोडणीला दुसरे बक्षीस मिळाले. परीक्षकांनी प्रशस्तिपत्रावर 'यंत्रापेक्षा घरगुती युक्ती' असा शेरा मारला होता. हे त्यावर महिनाभर चिडले होते. मला तो शेरा तेव्हाही बरोबर वाटला होता. प्रशस्तिपत्र पुष्करला.

परत आलेल्या पानावरचे 'नाहीत' खोडून वरील दोन्ही शोध तेथे लिहावेत. एवढे लिहिल्यावर पेटंट मिळणार नाही असे वकील म्हणतील. न मिळो. मिळालेच, तर त्याचे सर्व हक्क पुष्कर आणि भाऊसो या दोघांना मिळून द्यावेत. एकाच्या सहीने कोणालाही नोटीस धाडता येणार नाही, एकमेकांना तर नाहीच.

पुष्कर, हे तुझ्यासाठी. तुला त्यातून कमाई करायची नाही, हे मला ठाऊक आहे. तुला बाबांचे नाव सरकारी कागदावर छापलेले हवे आहे. मलाही आवडले असते. पण त्या कागदावर ते एकटे असते. ते एकटे कधीच नव्हते, आणि एकटे असले की त्यांना काही सुचत नसे. तुला हे सांगणारे आता मी आणि भाऊसो, दोघेच उरलो आहोत. त्यातला एक तू घालवू नकोस.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्वानंदीने करावी. ती भावाला भीत नाही.

७. माझ्या अस्थी कराडच्या संगमावर सोडाव्यात. इतर विधी पुष्करच्या इच्छेप्रमाणे करावेत. एक मात्र माझ्या इच्छेप्रमाणे व्हावे. मळ्यावर आता विजेची मोटर आहे, पण जुने इंजिन खोपीत गोणपाटाखाली आहे आणि अजून चालते. तेराव्या दिवशी भाऊसोंना जतहून बोलावून आणावे. पुष्करने स्वतः जावे, गाडी पाठवून भागवू नये. इंजिन भाऊसोंनी सुरू करावे, संध्याकाळी पुष्करने बंद करावे. दांडी ओढल्यावर वाटी रिकामी होईपर्यंत दोघांनी तेथेच उभे राहावे. चहा करून ठेवावा.

तेवढा वेळ मी बांधावर असेन.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिले आहे.

ठिकाण: मलकापूर
दिनांक: ११ नोव्हेंबर १९९६

(सही) उमा शरच्चंद्र आठल्ये

उमाबाईंनी आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत. सही करताना त्यांचा हात स्थिर होता.

साक्षीदार:
१. (सही) लालासाहेब पाटणकर, शेजारी, मलकापूर
२. (सही) ज्योतिबा यादव, निवृत्त पोस्टमन, कराड